लॅमिंग्टन रोडला जाताना सोबत आपलं फुटेज न्या

व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय असं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बजेट किती?" दुकानदार तेच विचारतो, भाचा तेच विचारतो, शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबचे सरही तेच विचारतात. पैशांचा प्रश्न खराच, पण तो दुसरा. "तुमच्याकडे शूट केलेलं काय आहे?" हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा. मशीन, सॉफ्टवेअर, डिस्क, सगळं त्या एका उत्तरावरून ठरतं. माझी निवड कशी होत गेली ते त्यासाठीच लिहिते आहे.

मी परळच्या एका शाळेत शिकवते. गेली काही वर्षं मी आणि माझी मैत्रीण मिळून लालबाग, परळ, काळाचौकी भागातल्या जुन्या खाणावळवाल्या बायकांच्या मुलाखती घेतोय. गिरणीत तीन पाळ्यांत राबणाऱ्या गड्यांची बायकामुलं गावी असायची, कुणाची कोकणात तर कुणाची घाटावर. त्यांचं दोन वेळचं जेवण या बायकांच्या दहा बाय बाराच्या खोलीत शिजायचं आणि हिशेब पगाराच्या दिवशी व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगारच थांबले. जेवायला येणारे मात्र येतच राहिले आणि वहीतली उधारी फुगत गेली. त्याआधी, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. बँकेतून आपल्या नावावर मिळालेल्या पहिल्या कर्जाबद्दल एक मावशी न थांबता पाऊण तास बोलल्या. या बायका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचं बोलणं नीट जपलं जावं, नीट ऐकू यावं, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

तर माझं फुटेज असं. मुख्य कॅमेरा फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ (म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारं), एच.२६५ कोडेक (चित्र दाबून फाइल लहान करण्याची पद्धत). सोबत बाजूच्या कोनातून हातांवर, चेहऱ्यावर धरलेला फोन. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. आणि एका मंडळाने विश्वासाने दिलेला मिनी-डीव्ही टेपचा खोका. त्यात दोन हजार सालानंतरचे हळदीकुंकवाचे कार्यक्रम आहेत, सभा आहेत, आणि आज हयात नसलेल्या काही जणींची भाषणं आहेत.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर मुख्य कॅमेऱ्याची फाइल टाइमलाइनवर टाकली की चित्र अडखळत पुढे सरकायचं. हे का होतं ते समजून घेतल्याशिवाय नवीन मशीन घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

एच.२६५ मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. एक अख्खं चित्र असतं, त्यापुढच्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद, आणि काही चित्रं तर मागच्या-पुढच्या दोन्हींवर अवलंबून. फाइल लहान राहते ती त्यामुळे. सरळ बघत गेलं तर कॉम्प्युटर क्रमाने उलगडत जातो. पण एडिटिंग करताना आपण सरळ कुठे बघतो? दोन पावलं मागे जातो, पुढे उडी मारतो, मावशींनी श्वास घेतला ती जागा शोधतो. अशा प्रत्येक उडीला कॉम्प्युटरला मागचं अख्खं चित्र गाठून तिथपासून पुन्हा मांडणी करावी लागते. हे काम प्रोसेसरने हाताने केलं तर त्याची दमछाक होते. चिपमध्ये त्यासाठी वेगळा डीकोडर असेल तर तेच काम सहज होतं.

खरी मेख पुढे आहे. हा डीकोडर प्रत्येक प्रकारचं एच.२६५ वाचतोच असं नाही. फोनचं रेकॉर्डिंग ४:२:० असतं, म्हणजे रंगाची माहिती कमी साठवलेली. ते जवळपास सगळ्या अलीकडच्या चिप वाचतात. ४:२:२ चं तसं नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स ते वाचतं, अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिप वाचतात, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांमध्ये ही सोय २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आहे. त्याआधीचं कार्ड कितीही महाग असो, या एका कामात त्याचा उपयोग नाही. रंगकाम, इफेक्ट, एक्स्पोर्ट यांत ते कामाला येतं, ती गोष्ट वेगळी.

सॉफ्टवेअर मी कॉम्प्युटरच्या आधी ठरवलं. लोक उलट करतात, मला ते पटत नाही. आपल्याला काय चालवायचंय तेच माहीत नसेल तर कशाच्या जोरावर मशीन मागणार?

प्रीमिअर प्रो सात दिवस फुकट वापरून पाहिलं. काम उत्तम करतं आणि मुंबईत एडिट शिकलेल्या बऱ्याच मुलांचा त्यावर हात बसलेला असतो, त्यामुळे अडलं तर मदत मिळते. पण ते फक्त वर्गणीवर मिळतं. आमचं काम सुट्टीत जोरात आणि परीक्षांच्या दिवसांत बंद असं चालतं, आणि अजून चार वर्षांनी एखाद्या आजीच्या नातीने मूळ मुलाखत मागितली तर प्रोजेक्ट उघडता यायला हवा. त्यासाठी दर महिन्याला पैसे भरत राहणं मला परवडणारं नव्हतं. फायनल कट प्रो एकदा विकत घेतलं की आपलं, पण ते विंडोजवर चालत नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ करायचा असेल तर मी आजही कुणालाही आधी केडेनलाइव्हच सांगेन.

मी थांबले ते डाविंची रिझॉल्व्हवर. त्याची विनामूल्य आवृत्ती तोकडी नाही. अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट करता येतं, वॉटरमार्क येत नाही, आणि आवाजासाठी फेअरलाइट नावाचं पूर्ण वेगळं पान आहे. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला, एकदाच पैसे भरून मिळते आणि दोन कॉम्प्युटरवर चालू करता येते. विंडोजवर दोन्हींमध्ये मोठा फरक पडतो तो माझ्यासारख्या १०-बिट ४:२:२ फाइलींच्या बाबतीत. हार्डवेअर डीकोडिंगचा खरा लाभ स्टुडिओत आहे. कोणत्या यंत्रणेवर कोणत्या आवृत्तीत कोणता कोडेक चालतो याचा तक्ता रिझॉल्व्ह बनवणारी ब्लॅकमॅजिक कंपनी देते. तो रुक्ष आहे, पण पैसे भरण्याआधी वाचावा असा कागद तोच.

आणखी एक परीक्षा मी प्रत्येक सॉफ्टवेअरची घेतली. कुठल्याही परीक्षणात ती मला दिसली नव्हती आणि आपल्या लोकांसाठी ती फार महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. मराठी अक्षरं नीट उमटतात का?

त्यासाठी एक ओळ तयार केली: "विठ्ठलाच्या देवळाच्या पायऱ्यांवर कार्तिकी एकादशीची दिंडी". यात ठ्ठ आहे, ऱ्या आहे, रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आहेत. ही ओळ टायटलमध्ये चिकटवायची आणि मोठी करून बघायची. एका सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि "कार्तिकी"चा रफार सुटून "कार" वेगळं, "तिकी" वेगळं झालं. दुसऱ्यात सगळं बरोबर होतं, पण "पायऱ्यां"मधला अर्धा र गायब. केडेनलाइव्हमध्ये ओळ जशीच्या तशी उमटली. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचं इंजिन निवडावं लागतं, ते निवडलं की बरोबर येतं. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन टायटल-साधनांमध्येही फरक पडू शकतो, म्हणून परीक्षा प्रत्येक साधनाची घ्यायची.

ज्या मावशीचं नाव आपण पडद्यावर लिहितोय ती स्वतः तो व्हिडिओ बघणार असते. चार यत्ता शिकलेल्या एका आजींनी पडद्यावरचं आपलं नाव एकेक अक्षर बोट फिरवत वाचलेलं मी पाहिलंय. तिथे वेलांटी चुकीच्या जागी पडलेली मला चालणार नाही.

उपायही सोपा आहे. टायटल-साधनाचा भरवसा नसेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची पट्टी करायची, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी काढायची आणि ती व्हिडिओवर ठेवायची. मी सगळ्या नावांसाठी हेच करते. फॉन्ट 'मुक्त' वापरते. तो मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला आहे, विनामूल्य आहे, आणि छोट्या पडद्यावरही सुवाच्य दिसतो. मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतला मजकूर श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, नाहीतर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी येते.

सॉफ्टवेअर ठरल्यावर मॅक की पीसी हा प्रश्न उरला. मॅक मिनीचा विचार मी मनापासून केला. ती चिप ४:२:२ सहज वाचते, वीज कमी खाते, आवाज जवळपास करत नाही. आमच्यासारख्या लहान खोलीत हा मोठा गुण आहे. पण मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणजे पुढच्या पाच वर्षांची गरज पहिल्याच दिवशी विकत घ्यायची. शिवाय मिनी-डीव्हीच्या टेप होत्या. त्या कॅमकॉर्डरमधून मूळ दर्जात उतरवून घ्यायच्या तर फायरवायर ही जुन्या प्रकारची जोडणी लागते, आणि पीसीत तिचं कार्ड स्लॉटमध्ये बसवता येतं. पारडं तिथे पीसीकडे झुकलं. नुसतं आजचं फुटेज असतं तर मी मॅक घेतला असता, हेही सांगते.

लॅपटॉप मी यादीतूनच काढला. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, तास-तासभर एक्स्पोर्ट चालू असताना लॅपटॉप तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. ज्याला लग्नाच्या हॉलवर बसून एडिट करायचंय त्याला लॅपटॉपशिवाय गत्यंतर नाही. मला घरीच बसायचं होतं.

आता लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव विचारलं तर चार माणसं विचारात पडतील. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका दुकानात मशीन जोडण्याचं काम करतो. मी सोबत एक छोटी एसएसडी नेली होती. तीत मुख्य कॅमेऱ्याची दहा मिनिटांची क्लिप, फोनची तेवढीच, आणि दोन्ही एकावर एक ठेवलेला प्रोजेक्ट.

त्याने कागदावर यादी लिहिली आणि प्रोसेसरच्या आकड्यापुढे एफ लावला.

"बाई, एफवाला घ्या. थोडे पैसे वाचतील. कार्ड टाकतोच आहोत आपण, मग आतलं ग्राफिक्स काय करायचंय?"

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असला की त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, आणि ४:२:२ वाचणारा डीकोडर नेमका तिथेच असतो. मी त्याला म्हटलं, "अरे, मला आतलंच तर हवंय. टेबलावर आत्ता एफवालं काही जोडलेलं आहे का?" होतं. आरटीएक्स ४० मालिकेतलं चांगलं कार्ड घातलेलं, कुणा गेमिंगवाल्या मुलासाठी तयार झालेलं. त्यावर माझी क्लिप लावली. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे सगळे कोअर शंभरच्या जवळ गेले, ग्राफिक कार्डाचा डीकोडचा आलेख मात्र तळाला सपाट. चित्र मध्येमध्ये अडकत होतं. मग त्याने दुसऱ्या टेबलावर एफ नसलेल्या आय-५ १४५०० प्रोसेसरचं मशीन चालू केलं. प्रोसेसर निवांत होता, आतल्या ग्राफिक्सचा डीकोडचा आलेख वर चढला, आणि मी कर्सर मागे-पुढे ओढत राहिले तरी मावशींचा चेहरा हाताबरोबर हलत होता. तो बराच वेळ स्वतःच ओढून बघत बसला. म्हणाला, "बाई, इथे सगळे गेमचं विचारतात. हे कोणी फाइल आणून दाखवलंच नाही."

त्याने मग स्वतःहून एक गोष्ट सांगितली. वेगळं कार्ड बसवलं की आतलं ग्राफिक्स बऱ्याच मदरबोर्डवर आपोआप बंद होतं. ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू ठेवावं लागतं, नाहीतर एफ नसलेला घेऊनही उपयोग शून्य. त्याने तिथेच ते करून दिलं.

बाकीची यादी झटपट झाली. ३२ जीबी रॅम, दोन स्लॉट रिकामे ठेवून. ८ जीबीचं आरटीएक्स ४०६०. विंडोजसाठी एक टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), चालू कामासाठी दोन टीबीची वेगळी. मॉनिटर २७ इंची आयपीएस, एसआरजीबी या प्रमाण रंगसंचातले सगळे रंग दाखवणारा. त्यावर ५० हर्ट्झचा पर्याय आहे हे मी खात्री करून घेतलं, कारण २५ फ्रेमचं चित्र ६० हर्ट्झवर सरळ भागत नाही आणि हलताना बारीक धक्के बसतात. बिल पक्कं घेतलं, १८ टक्के जीएसटीसकट. कच्च्या बिलावर स्वस्तात देणारे तिथे भेटतात, पण एखादी डिस्क वर्षभरात गेली तर वॉरंटीसाठी पक्कं बिलच पुढे करावं लागतं. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत बसलं. स्टुडिओचं लायसन्स त्यात धरलेलं नाही.

घरी आणल्यावर पहिल्यांदा वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. बेस्टचा पुरवठा भरवशाचा आहे, पण आमच्या चाळीतलं वायरिंग जुनं आहे. यूपीएस एक हजार व्हीएचा घेतला. फाइल सेव्ह करून मशीन शांतपणे बंद करण्याइतका वेळ तो देतो, तेवढा पुरे. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवलं, आणि समोरची जाळी दर पंधरवड्याला ब्रशने साफ करते. शेजारी पुनर्विकासाचं काम चालू असताना धूळ किती येते ते परळकरांना सांगायला नको.

जागेचा हिशेब आधी केलेला बरा. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं की तासाला ४५ जीबी लागतात. अडीच तासांची बैठक, सोबत फोनचं फुटेज, म्हणजे पावणेदोनशे जीबीच्या घरात. हेच सगळं प्रोरेस ४२२ या एडिटिंगला हलक्या पण जागा खाणाऱ्या कोडेकमध्ये बदलून ठेवावं असा सल्ला मिळतो. फोर-केला २५ फ्रेमने त्याचे तासाला सुमारे २२० जीबी होतात. आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवायची आणि लांब मुलाखतींसाठी प्रॉक्सी करायच्या. त्या लहान आकाराच्या प्रती असतात, डीएनएक्सएचआर एलबी या कोडेकमध्ये फुल एचडीला तासाला १६-१७ जीबी. रात्री झोपताना लावून ठेवल्या की सकाळी तयार. जुन्या लॅपटॉपवरसुद्धा त्या सुरळीत चालतात. माझी मैत्रीण डोंबिवलीला तिच्या लॅपटॉपवर याच प्रॉक्सींवर पहिली कापाकापी करते. ज्याला आत्ता नवीन मशीन शक्य नाही त्याने आधी प्रॉक्सीच करून बघाव्यात. कदाचित खर्चाची गरजच पडणार नाही.

फोनच्या फुटेजचं एक वेगळं दुखणं असतं. फोन फ्रेमचा वेग प्रकाशानुसार कमीजास्त करतो, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. अशी फाइल हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून मगच टाइमलाइनवर घ्यायची. शूट करतानाच फोनवर २५ फ्रेम आणि शटर पन्नासांश सेकंद ठेवलं तर आणखी चांगलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमने शूट केलं की चित्रात उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात. या बायकांच्या खोल्यांत आजही तशाच ट्यूबलाइट आहेत.

आवाजावर मी चित्रापेक्षा जास्त वेळ घालवते. रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये माणसाचा आवाज वेगळा काढणारं साधन आहे आणि ते पंख्याची घरघर, खालून जाणारी बस छान पुसून टाकतं. पण ते पूर्ण जोरात लावलं की वयस्कर आवाजातला कापरेपणाही खरवडून निघतो, बोलणारी बाई वीस वर्षांनी तरुण आणि अनोळखी वाटायला लागते. मी ते अर्ध्याच्याही खाली ठेवते. स्टोव्हचा आवाज, पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज मुळीच काढत नाही. खाणावळीची गोष्ट सांगताना मागे स्वयंपाक चाललेला ऐकू यायलाच हवा.

सध्या टेप उतरवणं चालू आहे. तासाच्या टेपला तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा. त्या काळचं चित्र एकाआड एक ओळींनी बनलेलं, ७२० बाय ५७६ चं. मूळ फाइलला हात न लावता डी-इंटरलेस केलेली, म्हणजे त्या ओळी जुळवून पूर्ण चित्र केलेली, प्रत वेगळी ठेवते. काही टेपना बुरशी धरलीय. त्या कॅमकॉर्डरमध्ये घातल्या तर हेड खराब होऊन बाकीच्याही जातील, म्हणून त्या बाजूला काढून कोरड्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवल्यात आणि टेप साफ करून देणारा माणूस शोधते आहे. उतरवलेल्या सगळ्याच्या दोन प्रती दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक डोंबिवलीला. तिसरी मंडळाच्या कपाटासाठी घ्यायची आहे. तिचे पैसे जमले की अभ्युदयनगरच्या मुलाखती सुरू करू.